पाचवीचं पाणी

काल लेकाने माझ्या कमरेला दुखण्यावरचा स्प्रे मारला आणि त्या वासाने मला गडाखालची खिंड आठवली. तेव्हा नळ नव्हता. सून घरीच बाळंत झालेली, त्या दिवशी बाळाची पाचवी होती. आमच्यात पाचवीच्या अंघोळीचं पाणी झऱ्यावरून आणतात आणि वाटेत खाली टेकवत नाहीत. टेकवलं की ते बाळाला चालत नाही. ऊन चढलेलं, दोन्ही अंगाला करवंदीच्या जाळ्या, पायाखाली नुसती खडी आणि डोक्यावर भरलेला हंडा. तेवढ्यात वरून घोडबंदरकडचे सायकलवाले सुटले, “साइड, साइड!” करत. साइडला जागा होती कुठे? पुढचा घसरून जाळीत पडला, गुडघा फुटला. दुसरा त्याला स्प्रे मारता मारता माझ्यावरच खेकसला, “ए आजी, बघत काय उभी राहिलीस? हंडा ठेव, पाणी दे!” मी म्हटलं, “बाबा, पाचवीचं पाणी आहे, खाली ठेवता येत नाही. ओंजळ धर, उभ्यानेच देते.” “कसली पाचवी? इथे माणूस पडलाय!” म्हणत त्याने माझ्या डोक्यावरचा हंडा ओढून खडीवर ठेवला. गुडघा धुतला, बाटल्या भरल्या, मग सायकलची धूळसुद्धा धुतली. वर मला म्हणतो, “थँक्यू आजी.” उरलेलं पाणी मी त्याच्या बुटांवर ओतलं आणि रिकामा हंडा घेऊन परत झऱ्याकडे चढाला लागले. घरी सून बाळाला घेऊन अंघोळीवाचून दुपार कलेपर्यंत बसून राहिलेली. आता दारात नळ आलाय. तरी त्यांच्यातला कोणी उन्हातून माझ्या दारात आला, तर मी त्याला पाणी विचारणार नाही.