शंभरातल्या तपकिरी पेशी

माझी मैत्रीण प्रयोगशाळेत मेंदूच्या गाठींच्या काचा सूक्ष्मदर्शकाखाली तपासते. रंग दिल्यावर काही पेशी तपकिरी होतात. औषधाने केलेलं नुकसान दुरुस्त करणारं प्रथिन त्यांच्यात असतं. अशा पेशी जास्त निघाल्या, तर केमोच्या गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. शंभरात तपकिरी किती, हा तिचा आकडा सात वर्षांत कधी चुकला नव्हता.

त्या दुपारी तिने मला बोलावून घेतलं. काच तिच्या सख्ख्या भावाची होती, हे मला ठाऊक होतं. तपकिरी म्हणजे काय, ते मात्र तेव्हा तिने सांगितलं नव्हतं.

"शंभर पेशी बघ. तपकिरी किती, तेवढंच सांग."

"अगं, मी कवितेच्या मात्रा मोजणारी!"

"म्हणूनच तू हवीस. माझे डोळे आज लबाडी करतायत."

मी दोनदा मोजल्या. "एकसष्ट."

तिच्या कागदावर बावीस लिहिलं होतं. मला वाटलं, मीच चुकले. बाहेर बाकावर तिची वहिनी निकालाची वाट बघत होती. मग तिने बावीस खोडलं आणि मोठ्या डॉक्टरांना फोन लावला.

"सर, ही काच तुम्ही बघा. माझा आकडा धरू नका. दादाची आहे."