नागपूरची दोन वर्षं

माझे बाबा रेल्वेत होते आणि जगातला प्रत्येक कारभार रेल्वेसारखाच चालतो अशी त्यांची पक्की समजूत होती. त्यांची नागपूरहून रायपूरला बदली झाली तेव्हा छत्तीसगड राज्य नवं नवं होतं. जुन्या हॉस्पिटलच्या इमारतीत मंत्रालय भरत होतं, शंकर नगरातल्या राहत्या बंगल्यांवर कुठल्या ना कुठल्या सरकारी खात्याची पाटी चढत होती, आणि रेल्वेलाही इथे माणसं वाढवायची होती. आई, बाबा आणि मी ट्रकभर सामान घेऊन रेल्वे कॉलनीत उतरलो. नागपुरात माझी बी.ए.ची दोन वर्षं झाली होती. विषय तीन, मराठी वाङ्मय, अर्थशास्त्र आणि इतिहास, आणि दोन्ही वर्षी पहिला वर्ग. तिसरं वर्ष रायपुरात करायचं की पदवी हातात, इतकं सोपं गणित होतं.

पण गणित बाबांनी मांडलं होतं. रेल्वेत बदली झाली की माणसाचं सेवापुस्तक, पगाराचा दाखला, सगळं या कचेरीतून त्या कचेरीत परस्पर जातं. माणसानं नुसतं हजर व्हायचं. त्यामुळे बाबांनी नागपूरच्या कॉलेजात ‘पोरगी रायपूरला चालली’ असं तोंडी सांगितलं, इथल्या कॉलेजात माझं नाव कळवलं आणि आम्ही निवांत बसलो. जुलै संपत आला तरी ते ढिम्म हलेनात. मी विचारलं की म्हणायचे, "काहून घाबरून राहिली? कागद येते. आपल्या इथं तं माणूस पोचायच्या आधी कागद पोचते."

"कॉलेज म्हणजे का इंजिनचं शेड आहे?" आई म्हणायची. पण आमच्या घरात आईचं म्हणणं पटायला नेहमी थोडा उशीर लागायचा.

शेवटी ऑगस्टात मीच बाबांना ओढत कॉलेजात नेलं. प्रवेशाच्या खिडकीमागच्या बाईंनी टीसी, म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला, आणि विद्यापीठ बदलायचा मायग्रेशनचा दाखला मागितला. बाबा म्हणाले, "वो तो आपके पास आ गया होगा." बाईंनी आधी बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हसू दाबत समजावलं की इथे कोणी कोणाला काही पाठवत नाही, आपले कागद आपणच आणायचे असतात. प्रवेशाची मुदत टळून गेली होती. आता कुलगुरूंची खास परवानगी मिळाली तर थोडे दिवस हातात होते. बाबांनी बाईंना तीनदा ‘सॉरी’ म्हटलं आणि मिळेल त्या गाडीनं नागपूर गाठलं. माझ्या नाकावर राग असतो हे घरात सर्वांना माहीत होतं, पण त्या दिवशी बाबांचा पडलेला चेहरा पाहून मला रागवताच आलं नाही.

कागद आले, परवानगीही मिळाली, आणि मग दुष्काळात तेरावा महिना तसं झालं. प्राचार्यांनी माझ्या दोन्ही मार्कशीट वाचल्या आणि चष्मा काढून ठेवला. नियम असा होता की पहिली दोन वर्षं जे तीन विषय घेतले तेच तिसऱ्या वर्षाला हवेत. अर्थशास्त्र होतं, इतिहास होता. मराठी शिकवायला मात्र कॉलेजात कोणी नव्हतं. शहरातल्या दुसऱ्या कॉलेजांतही नव्हतं, प्राचार्यांनी तशी चौकशी केली होती. मग मराठीच्या जागी हिंदी साहित्य घ्यायचं, पण ते पहिल्या वर्षापासून. म्हणजे नागपूरची दोन वर्षं पाण्यात. परत नागपूरला जावं तर क्वार्टर सुटलेलं, आणि मला एकटीला होस्टेलवर ठेवायची आईची तयारी नव्हती.

बाबांनी आपलं शेवटचं शस्त्र काढलं. रेल्वेत कोणी स्वतःच्या अर्जावरून बदली मागून घेतली तर त्याची ज्येष्ठता जाते, तो नव्या ठिकाणी सगळ्यांच्या खाली लागतो. पण बदली प्रशासनानं केली असेल तर ज्येष्ठता शाबूत राहते. बाबा हात जोडून प्राचार्यांना म्हणाले, "सर, ये अपनी मर्ज़ी से नहीं आई है. इसका ट्रान्सफर ॲडमिनिस्ट्रेटिव ग्राउंड पर हुआ है." प्राचार्यांना यातलं अक्षर कळलं नाही. मला कळलं, आणि मी तिथेच मोठ्यानं रडायला लागले. रडता रडता मराठीत बाबांनाच म्हणाले, "माझे दोन वर्ष गेले ना बाबा."

त्या खोलीत खिडकीपाशी आणखी एक गृहस्थ बसले होते. हिंदीचे प्राध्यापक. पन्नाशीचे, पांढरा बुशशर्ट, पायात साध्या चपला, अस्सल छत्तीसगडी माणूस. ते प्राचार्यांना म्हणाले की विद्यापीठाच्या विषयांमध्ये मराठी साहित्य आजही आहे. अभ्यासक्रम ठरलेला आहे, परीक्षाही होऊ शकते. कोणी घेत नाही म्हणून कोणी शिकवत नाही, एवढंच. कॉलेजनं फक्त लिहून द्यायचं की या मुलीच्या तासांची आणि हजेरीची जबाबदारी अमुक प्राध्यापकांची.

"लेगा कौन?" प्राचार्यांनी विचारलं.

"मैं ले लूँगा."

"आपको मराठी आती है?"

"नहीं," सर म्हणाले, "पर इसको आती है."

मला आजही त्या उत्तराचं नवल वाटतं. आयुष्यात अनेकांनी मला मदत केली, पण बहुतेकांनी स्वतःजवळ होतं त्यातलं दिलं. सरांकडे मराठी नव्हतीच, आणि तरी त्यांनी ती मला द्यायचं कबूल केलं.

मग त्यांनी बाबांना आणि मला व्हरांड्यात नेऊन नियम नीट समजावले. माझी नागपूरची दोन वर्षं धरली जातील, पण तिथले गुण इकडे येणार नाहीत. श्रेणी ठरेल ती फक्त इथल्या एका वर्षावरून. शिवाय इथल्या मुलांनी पहिल्या दोन वर्षांत हिंदीचे सक्तीचे पेपर दिलेले होते, ते मलाही याच वर्षी द्यावे लागतील. त्यात पास झालं की पुरे, ते बेरजेत नसतात. बाबा पहिल्या वर्गापाशीच अडकले. "म्हणजे मेहनत केली ते गेली का?" ते मला विचारत राहिले. सरांना अर्थ पोचला असावा. ते म्हणाले, "बाबूजी, साल आ रहा है, नंबर नहीं आ रहा. साल बड़ा है." बाबा मान हलवत राहिले, पण पहिल्या वर्गाचं दुःख त्यांना पुढे बरेच दिवस पुरलं.

आमचा तास दुपारी भरायचा, मुलं घरी गेल्यावर रिकाम्या झालेल्या वर्गात. पंखा लावला तर आवाज इतका की बोलणं ऐकू येईना, म्हणून पंखा बंद. लिपी एकच असल्यामुळे सरांना मराठी वाचता यायचं, कळायचं मात्र अर्धंमुर्धं. मी उतारा वाचायचा आणि हिंदीत सांगायचा, अशी पद्धत त्यांनी घालून दिली. मला वाटलं, दोन वर्षं पहिला वर्ग काढलेल्या मुलीला यात काय अवघड. पहिल्याच दिवशी माझी गाडी रुळावरून उतरली. नागपुरात मी गाईड पाठ केलं होतं. ‘लेखकाने मानवी मनाचे सूक्ष्म दर्शन घडवले आहे’ हे वाक्य मी कोणत्याही पुस्तकाला लावू शकत होते आणि त्याला गुणही मिळायचे. सरांना ते हिंदीत सांगितलं तर त्यांनी शांतपणे विचारलं, "कहाँ?"

सगळं वर्ष ते असंच विचारत राहिले. कहाँ, क्यों, किसने कहा. त्यांना खरंच माहीत नसायचं, त्यामुळे प्रश्न टाळताही यायचा नाही. मी चिडायचे, पुस्तक आपटायचे. एकदा म्हणाले, "सर, इतना कोई नहीं पूछता." ते म्हणाले, "हव, मैं पूछ रहा हूँ ना," आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला.

अभ्यासाला नेमलेल्या एका कादंबरीत थोरला मुलगा बापाशी भांडून भरल्या ताटावरून उठतो आणि घर सोडतो. सरांनी विचारलं, "खाना खाकर क्यों नहीं गया? रास्ता तो लंबा था." मी म्हटलं, रागात होता. "गुस्से में भूख तो लगती है," ते म्हणाले. घरी येऊन मी आईला तोच प्रश्न विचारला. आई कणीक मळत होती. तिनं कादंबरी वाचली नव्हती, मी गोष्ट सांगितली तेवढीच. ती म्हणाली, "जेवला असता तं राग गेला असता ना त्याचा. मंग कसा जाईल घर सोडून? त्याले माहीत होतं ते."

दुसऱ्या दिवशी मी हे सरांना सांगितलं. ते म्हणाले, परीक्षेत हेच लिही, आणि येत्या रविवारी मला तुझ्या आईला भेटायचं आहे.

ते आले. आईनं गोळाभात केला होता. सरांनी तिला पहिल्या शब्दापासून ‘दीदी’ म्हटलं आणि कादंबरीतल्या बापाबद्दल, सुनेबद्दल, विकलेल्या बैलाबद्दल प्रश्न विचारले. आई आपल्या मराठीत उत्तरं देत होती, सर हिंदीत विचारत होते, आणि कोणाचंही काही अडत नव्हतं. जात्यावरच्या ओव्यांचा विषय निघाला तेव्हा सर म्हणाले, त्यांची आईसुद्धा जात्यावर बसली की गायची. त्यानंतर महिन्यातून एखादा रविवार ते यायचेच. आई त्यांच्यासाठी वांग्याची भाजी वेगळी काढून ठेवायची, कारण आमच्या घरचं तिखट त्यांना झेपायचं नाही.

मार्चमध्ये परीक्षा झाली. हॉलभर मुलं आणि मराठीची मी एकटी. पर्यवेक्षकांनी माझ्यासाठी पाकीट फोडलं आणि त्यातून एकच प्रश्नपत्रिका निघाली. कोणत्या गावच्या कोणी ती काढली होती देव जाणे. प्रश्न वाचले आणि मला जाणवलं की यातल्या प्रत्येकाचं उत्तर मी कधी ना कधी त्या रिकाम्या वर्गात घाम पुसत दिलेलं आहे. एकही ओळ पाठ नव्हती. हात दुखेपर्यंत लिहिलं.

निकाल लागला. हिंदीचे सक्तीचे पेपर कसेबसे सुटले. अर्थशास्त्रानं दगा दिला आणि एकंदर दुसरी श्रेणी आली. मराठीत मात्र गुण नागपूरच्या दोन्ही वर्षांपेक्षा जास्त होते. बाबांनी मार्कशीट उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "दोन वर्ष वाचले, बस झालं." मला वाटतं, त्या दिवशी त्यांनी पहिल्या वर्गाचं सुतक संपवलं.

सदर बाजारातून पेढे घेऊन मी सरांच्या घरी गेले. त्यांचा पारा, म्हणजे मोहल्ला, जुन्या वस्तीत होता, गल्ल्याच गल्ल्या, विचारत विचारत पोचले. वाटेत मी बोलायचं ठरवून ठेवलं होतं. सर, तुम्ही नसतात तर मी आज पहिल्या वर्षाच्या वर्गात बसले असते. ते वाक्य अर्ध्यावरच सोडून मी सरळ पाया पडायला वाकले. सर झटकन मागे सरकले. "नहीं नहीं, पाप लगाओगी क्या?"

मला वाटलं, माझं काहीतरी चुकलं. तेव्हा त्यांच्या पत्नीनं हसून सांगितलं की छत्तीसगडमध्ये बहिणीचं मूल मामाच्या पाया पडत नाही, मामाच त्याच्या पाया पडतो. यांनी तुझ्या आईला दीदी मानलं आहे, म्हणजे तू यांची भांची, भाची. हे ऐकून मी काही बोलेपर्यंत सर वाकले होते. वर्षभर मला शिकवणाऱ्या त्या माणसानं माझ्या पायाला हात लावून तो कपाळाला टेकवला, मग सरळ उभे राहून पेढ्यांचा डबा मागितला. मी तिथे लहान मुलीसारखी रडले. इतका मान मला त्याआधी कोणी दिला नव्हता, आणि नंतरही नाही.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. आई उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. तिला भाऊ नव्हता. आमच्याकडे भाऊ नसलेल्या बायका भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात, आणि दर दिवाळीला ती अंगणात ताट घेऊन एकटी उभी असलेली मी लहानपणापासून पाहिली होती.

त्या दिवाळीत तिनं अंगणात न जाता घरातच पाट मांडला. सर आले, डोक्यावर रुमाल घेऊन बसले, आणि आईनं त्यांना ओवाळलं.