दुसऱ्या रविवारचा दिवा

गॅरेजच्या पाटीवरचं मालकाचं नाव कोणी घेत नसे. लोक त्यांना पुरावाकाका म्हणत. कारण गाडीचा बिघाड गिऱ्हाइकाला डोळ्यांनी दाखवल्याशिवाय काका पाना हातात घेत नसत. कोणी म्हणालं, "काका, तुमच्यावर विश्वास आहे," की ते म्हणत, "तो घरी ठेवा. इकडे या, वाका, बघा."

या खोडीला कारण होतं. नवशिके असताना त्यांच्याकडे इंजिनाचा पिवळा दिवा लागलेली एक गाडी आली. स्कॅनरने ऑक्सिजन सेन्सरचं नाव घेतलं, काकांनी सेन्सर बदलला. दिवा पुन्हा लागला, पुन्हा बदलला. तिसरा बसवल्यावर कळलं, की धुराच्या नळीलाच चीर पडून बाहेरची हवा आत शिरत होती आणि बिचारा सेन्सर पहिल्यापासून खरं सांगत होता. गाडीवाल्याने तिन्ही सेन्सरचे पैसे देऊन वर आभार मानले. ते आभार काकांना अजून टोचतात. तेव्हापासून ते म्हणत, सेन्सर चुगलखोर असतो, चोर नव्हे. चोर आपण शोधायचा. आणि गिऱ्हाइकाशी खोटं बोलायचं नाही. हे त्यांनी सव्वीस वर्षं पाळलं होतं आणि त्याचा त्यांना जरा जास्तच ताठा होता.

तो ताठा उतरवायला ग्रंथपाल आले. सडपातळ, शर्टाचं गळ्यापाशी असलेलं बटणसुद्धा लावणारा माणूस. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळीच हजर. "दिवा लागलाय, काका."

काकांनी स्कॅनर लावला. इंजिनातलं पाणी म्हणे उणे चाळीस अंश! इकडे काकांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. सेन्सरचा प्लग निघाला की गाडीच्या कॉम्प्युटरला काहीच कळत नाही आणि तो उणे चाळीस धरून बसतो, हे काकांना पाठ होतं. बॉनेट उघडलं, तर प्लग लोंबत होता. त्याची खिटी दाबल्याशिवाय तो निघत नाही, आणि खिटीवरच्या धुळीत अंगठा स्पष्ट उमटलेला.

"साहेब, हा अंगठा कोणाचा?"

ग्रंथपालांनी मागेपुढे पाहिलं. "काका, आज मेहुण्यांकडे जायचंय. ते आत्मचरित्र लिहितायत, दर महिन्याला बोलावून वाचून दाखवतात. चार वर्षं ऐकतोय. अजून इयत्ता दुसरीतच आहेत."

मेहुणे म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, काकांचं जुनं गिऱ्हाईक. काकांनी हसू दाबलं. "आपणहून सांगणार नाही. पण कोणी विचारलं, तर खरं ते सांगेन."

पुढच्या महिन्यात, दुसऱ्या रविवारी, गाडी पुन्हा दारात. या वेळी शेजारच्या सीटवर ग्रंथपालांच्या पत्नी, वहिनी होत्या. आता इंजिनात जाणारी हवा उणे चाळीस होती. एअर फिल्टरजवळचा प्लग सुटला होता. काकांनी तो बसवला, दिवा घालवला आणि मान वर केली, तर वहिनी समोरच उभ्या.

"काका, तुम्ही खोटं बोलत नाही म्हणे. दिवा का लागला होता?"

ग्रंथपालांचा चेहरा पांढराफटक पडला. काका म्हणाले, "वहिनी, प्लग हाताने काढलाय."

"मी नाही!" ग्रंथपाल ओरडले. "मी गेल्या महिन्यात काढला तो पाण्याचा! हा कुठे असतो तेसुद्धा मला माहीत नाही!"

बोलून गेल्यावर त्यांना कळलं, आपण काय बोललो. काकांनी खिटीवर टॉर्चचा उजेड टाकला. या वेळचा अंगठा लहान होता.

"हा मी काढला," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "मोबाइलवर बघून. गेल्या महिन्यात जाणं रद्द झालं, तर तुम्ही दिवसभर घरी होता. आपण पत्ते खेळलो. बावीस वर्षांत इतकं सलग बोललो नव्हतो हो आपण. म्हटलं, पुन्हा बिघडू दे."

ग्रंथपालांनी गळ्याचं बटण सोडलं. काकांनाही भरून आलं, म्हणून ते उगाच फडका शोधू लागले.

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. मुख्याध्यापक. "पुरावाकाका, आमचे पाहुणे म्हणतात, दिवा लागलाय. मला शंका येते. तुमच्या शब्दाबाहेर मी नाही. लागलाय का?"

दिवा तर काकांनीच घालवला होता. दोघं नवरा-बायको त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"एक मिनिट, सर. बघून सांगतो."

काकांनी खिटी दाबली, प्लग उपटला आणि इंजिन चालू केलं. पिवळा दिवा छान उजळला.

"लागलाय, सर. माझ्या डोळ्यांसमोर आहे."

"असं? मग मीच वही घेऊन जातो त्यांच्या घरी."

वहिनींनी डोळे मिटले. काकांनी फोन घट्ट धरला. "सर, तुमच्या गाडीचं ऑइल बदलायचं राहिलंय ना? या की आत्ताच. आणि वही आणा. मलाही ऐकायचंय."

जोडपं गाडी तिथेच टाकून पायी निघालं, एकमेकांचे हात धरून. अर्ध्या तासात सर आले, खुर्चीत बसले, चष्मा लावला. ऑइल बदलून झालं, दुपार उलटली, सर वाचतच होते. एक पान उलटता उलटता थांबून त्यांनी विचारलं, "काका, कंटाळा तर येत नाही ना? खरं सांगा, तुम्ही खोटं बोलणारे नाही."

काकांनी जांभई दाबून सरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. म्हातारा कान टवकारून बसला होता.

"छे, सर," काका म्हणाले. "वाचा पुढे."