मिरच्यांचा धूर आणि डॉटची भुतं

टॅक्सीचा दरवाजा लावता लावता सासूबाईंनी माझ्या मांडीवर एक पुडी टाकली. आत मोहरी, खडेमीठ आणि सुक्या लवंगी मिरच्या. "परक्या मुलखात पोरीची दृष्ट काढत जा हो," एवढंच म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून घरात निघून गेल्या. टॅक्सी हलेपर्यंतही थांबल्या नाहीत. सहा वर्षांची केतकी खिडकीतून हात हलवत राहिली, कुणाला ते तिलाही ठाऊक नसावं. मी मात्र रडले नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटत होतं. नवरा तिकडे, मी इकडे, असला संसार मी वर्षभर रेटला होता. आता कुठे तिघांचं मिळून एक घर होणार होतं.

धहरानच्या विमानतळावर कस्टमवाल्याने ती पुडी उघडून हुंगली आणि त्याला सटासट शिंका सुरू झाल्या. पुडी माझ्या हातात कोंबून, "यल्ला, यल्ला" करत त्याने आम्हाला बाहेर काढलं. सौदी अरेबियात माझं पहिलं पाऊल असं मिरचीच्या जोरावर पडलं.

तुमच्यापैकी जे नाशकातच राहिले त्यांना वाटायचं, आम्ही तिथे सोन्याच्या ताटात जेवतो. जे माझ्यासारखेच गेले त्यांना सांगायला नकोच. अल-खोबरला तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट होता. हे पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंट इंजिनियर. आमचे पासपोर्ट कंपनीच्या कपाटात आणि यांचा इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, यांच्या खिशात. समोरच्या दारात खतीजाभाभी, श्रीवर्धनच्या. त्यांच्या मालकांचं बाजारात कापडाचं दुकान होतं. देवाची तसबीर मी स्वयंपाकघरातल्या कपाटात आतल्या बाजूला लावली होती. कपाट उघडलं की देऊळ, लावलं की कपाट. सासूबाई फोनवर विचारायच्या, "देवाला नीट जागा आहे ना?" मी म्हणायची, आहे, मसाल्याच्या डब्यांशेजारी आहे, खुशीत आहे.

तीन वर्षांत तिथे नीट रुळलो, केतकी शाळेत हिंदी-इंग्रजीतून भांडायला शिकली, आणि नव्वद सालच्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतलं.

कुवेतहून निघालेलं एक मराठी कुटुंब काही दिवस आमच्याकडे उतरलं होतं. कुटुंब म्हणजे बाई आणि तिची केतकीच्याच वयाची मुलगी. वडील मागे राहिले होते आणि त्यांची काहीच खबर नव्हती. ती मुलगी आमच्या टेलिफोनशेजारी बसून असायची. खेळायला बोलावलं तरी उठायची नाही. पुढे तिचे वडील सुखरूप भारतात पोचले, पण ते आम्हाला फार नंतर कळलं. केतकीच्या डोळ्यांसमोर राहिली ती फोनजवळ बसलेली मुलगी.

मग आमच्या घरात एकच विषय झाला, जायचं की राहायचं. यांना कंपनी सोडणार नव्हती. बायका-मुलांना मात्र एक्झिट-रीएंट्रीचा, म्हणजे जाऊन परत यायचा, शिक्का मिळत होता आणि ओळखीची बरीच घरं बंद झाली होती. मला जायचं नव्हतं. यांना धड पाठववत नव्हतं, धड ठेववत नव्हतं. एकदा जेवताना वाद फार वाढला तेव्हा यांनी सोक्षमोक्ष लावला. म्हणाले, "पोरगी घाबरायला लागली की मी तुम्हा दोघींना पाठवणार. तोवर राहू." मला ते पटलं. केतकी ताटात मान घालून वरण-भात कालवत होती. तिने वर पाहिलंही नाही.

तळमजल्यावर एक अमेरिकन बाई राहायची. नाव डोरोथी, पण सगळे डॉट म्हणत. साठीला आलेली, उंच, आवाज पत्र्यावर खडे पडल्यासारखा. नवरा तेलाच्या रिगवर, मुलं टेक्सासला आपापल्या संसारात. तिलाही घरी जा म्हणून सांगणारे थकले होते. तिच्या गावी ऑक्टोबर संपताना हॅलोविन नावाचा सण असतो. पोरं भुतांची सोंगं काढून दारोदार गोळ्या मागत फिरतात. ऐकून मला नवल वाटलं नाही. आपण सर्वपित्रीला पितरांना खीर-वडे वाढतो, ते भुतांना गोळ्या वाटतात. गेलेल्यांना खाऊ घालून वाटेला लावायचं, एवढंच ते.

खोबरच्या रस्त्यावर असलं काही करायची सोय नव्हती. म्हणून डॉट आपला सण पडदे ओढून करायची. तिच्याकडे जुन्या काळ्या-पांढऱ्या भयपटांच्या कॅसेटी होत्या, तिच्या बहिणीने टीव्हीवरून उतरवून पाठवलेल्या, मध्ये मध्ये साबणाच्या जाहिरातींसकट. ऑक्टोबर लागला की दुपारचं जेवण आटोपून ती रोज एक लावायची. भाजीबाजारातून लाल भोपळा आणून त्याला डोळे-नाक-दात कोरायची आणि आत दिवा ठेवायची. कोरून काढलेला गर माझ्याकडे यायचा, त्याचे मी घारगे करायची. डॉट ते काळ्या कॉफीबरोबर खायची आणि माझ्याकडे असं बघायची की मीच काहीतरी जादूटोणा केला आहे.

त्या वर्षी शाळेतून आली की केतकी दप्तर टाकून थेट खाली पळायला लागली. पहिल्या दिवशी मी सोबत गेले. धुकं, पडका किल्ला, शवपेटीतून उठणारा कोणी सरदार, असा तो सिनेमा होता. मला तर हसूच येत होतं. ती भुतं इतकी सावकाश चालतात, की त्यांनी माणसाला गाठेपर्यंत माझा कुकर होऊन जाईल. आपली हडळ कशी झाडावरून थेट मानगुटीवर बसते, उगाच पायऱ्या मोजत येत नाही. मी हे डॉटला सांगितलं तेव्हा ती खदखदून हसली. केतकी हसली नाही. ताठ बसली होती, फ्रॉकचा घोळ मुठीत धरून, पापणीसुद्धा न लववता. पडद्यावरची बाई किंचाळली तरी ती हलली नाही. डॉट मला म्हणाली, असं शूर मूल मी पाहिलं नाही. मला अभिमान वाटला. आईच ना मी.

पण चार-आठ दिवसांत पोरीची रया गेली. ताटातलं तसंच राहायला लागलं. कुणी दार आपटलं की दातांवर दात घट्ट बसायचे. विचारलं तर म्हणायची, "आय अ‍ॅम फाइन, मम्मी." खाली जाऊ नको म्हटलं तर मात्र हट्टाला पेटायची. आता तुम्ही असतात तर काय केलं असतं? भुताचे सिनेमे बघणारं पोर, उतरलेला चेहरा, अन्नावरची वासना गेलेली. मला सासूबाई आठवल्या. पुडीतल्या मिरच्या केव्हाच संपल्या होत्या, पण लवंगी मिरची भाभींच्या घरातून कधी संपली नाही.

तिन्हीसांजेला मी केतकीला पाटावर बसवलं. मीठ-मोहरी-मिरच्या मुठीत घेऊन तिच्यावरून उतरवल्या, आल्यागेल्याची, पाहुण्यारावळ्याची, भुताखेताची म्हणत, आणि तव्यावर टाकल्या. डॉटच्या भुतांसाठी म्हणून मिरच्या जरा सढळ हातानेच घेतल्या. अमेरिकन भुतं, त्यांना आपल्या तिखटाची सवय नसणार.

मी एक गोष्ट विसरले होते. गॅसहल्ल्याच्या भीतीने यांनी आदल्याच आठवड्यात घराच्या सगळ्या खिडक्या चिकटपट्टी लावून बंद केल्या होत्या. धूर कोंडला तशी मी एक्झॉस्ट पंखा लावला. आणि तो पंखा बाहेर उघडत नव्हता, तो उघडत होता बिल्डिंगच्या मधल्या डक्टमध्ये, जिथे सगळ्यांच्या न्हाणीघरांच्या खिडक्या होत्या.

पहिला खोकला वरच्या इजिप्शियन मास्तरांच्या घरातून ऐकू आला. मग खालून, मग बाजूने. मग कुणीतरी ओरडलं, "गाझ! गाझ!" आणि जिना दणाणला. लोक तोंडावर ओले टॉवेल धरून, पोरांना काखोटीला मारून खाली धावत होते. मला क्षणभर कळलंच नाही की हे माझं कर्तृत्व आहे. मीही घाबरले, केतकीचा हात धरला आणि ठसकत-शिंकत जिना उतरायला लागले. दृष्ट काढणारी बाई आपल्याच मिरच्यांना भिऊन पळाली, असं आजवर आमच्या सात पिढ्यांत झालं नसेल.

जिन्याच्या शेवटच्या वळणावर डॉटचं दार उघडलं. तिच्या नवऱ्याच्या कंपनीने मास्क वाटले होते. तो काळा रबरी मास्क, दोन गोल काचा आणि पुढे सोंडेसारखा डबा, असं तोंड करून डॉट बाहेर आली. मागे तिच्या खोलीत भोपळा दात विचकून पेटलेला होता.

केतकी किंचाळली. इतके दिवस आत दाबून ठेवलेलं सगळं त्या एका किंकाळीत बाहेर आलं. ती माझा हात सोडून दाराकडे पळाली आणि तेवढ्यात प्लांटच्या बसमधून उतरून धावत आलेल्या आपल्या वडिलांवर जाऊन आदळली. त्यांना घट्ट धरून, हुंदक्यांच्या मधून, चक्क मराठीत ती म्हणाली, "मी नाही घाबरले, बाबा. मी नाही घाबरले. मला पाठवू नका. तुम्ही इथे एकटे राहाल."

मला एकदम सगळं दिसलं. जेवताना मान खाली घालून तिने काय ऐकलं होतं, आणि रोज दुपारी खाली जाऊन मुठी आवळून ती काय करत होती. पोरगी सराव करत होती. भुतांपुढे घाबरली नाही, तर बॉम्बपुढेही घाबरणार नाही. आणि ती घाबरली नाही, तर बाबा मागे राहणार नाहीत.

त्या सगळ्या गोंधळात भाभी शांतपणे बाहेर आल्या. हवेत नाक वर करून एकदाच हुंगलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काय गो, मिरच्या जाळल्यास? नजर उतरवलीस ना पोरीची?" मी मान डोलावली. मग त्या रस्त्यावरच्या जमावाकडे वळल्या आणि आपल्या अरबीत सांगत सुटल्या, फिलफिल आहे, नुसती फिलफिल, खलास, जा घरी. मिरची म्हटल्यावर मास्तरांनी तोंडावरचा टॉवेल काढला आणि कपाळाला हात लावला. मग त्यांची बायको हसायला लागली. मग सगळेच. युद्धाच्या तोंडावर असलेली ती अख्खी बिल्डिंग फुटपाथवर उभी राहून, नाकडोळे पुसत हसत होती. मरण येता येता शिंकेवर भागलं, याचं ते हसू होतं. डॉट मास्क काढून केतकीजवळ बसली आणि पुन्हा पुन्हा सॉरी म्हणत राहिली. तिची काय चूक होती बिचारीची.

सासूबाई सांगायच्या, मिरच्या जाळल्यावर ठसका लागला नाही तर समजावं की दृष्ट होती. लागला तर नव्हतीच. त्या हिशोबाने सगळ्या मजल्यांवरच्या बिऱ्हाडांनी खोकून ग्वाही दिली होती की पोरीला कुणाची दृष्ट लागलेली नाही.

यांनी तिला कडेवर घेतलं, नऊ वर्षांच्या मुलीला, आणि तिच्या कानाशी म्हणाले, "तू घाबर. हवं तेवढं घाबर. घाबरलीस म्हणून कुणी कुणाला पाठवणार नाही. जाऊ तर तिघं जाऊ." त्या दिवशी केतकीने दोनदा वाढून घेतलं.

लोकांनी आम्हाला वेड्यात काढलं. फोनवर दीर ओरडले, सासूबाई रडल्या. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. काही झालं असतं तर आज हे हसत सांगायला मी नसते. पण आम्ही राहिलो, तिघंही. सिनेमेही संपले नाहीत. केतकी पुढेही खाली जात राहिली, फक्त आता डॉटच्या मांडीवर बसून, उशी तोंडावर धरून, सगळी बिल्डिंग ऐकेल असं किंचाळत. जिन्यातून तो आवाज आला की मला इतकं हायसं वाटायचं.

आता आम्ही नाशकात परत आलो त्यालाही वर्षं झाली. केतकी दुसऱ्याच देशात आहे. डॉट केव्हाच गेली. तुम्ही लोक भेटलात की विचारता, इतकी वर्षं तिकडे काढलीत, मग घर कुठलं वाटतं, हे की ते? मी काहीतरी बोलून वेळ मारून नेते. पण खरं उत्तर मला ठाऊक आहे.

जानेवारीत पहिला भोंगा वाजला तेव्हा आम्ही पट्ट्या लावलेल्या खोलीत जाऊन दाराखाली ओला टॉवेल सरकवला. लांबून धमाका ऐकू आला आणि काचा थरथरल्या. केतकी आमच्या दोघांच्या मध्ये होती. ती मोठ्याने, स्पष्ट म्हणाली, "बाबा, मला खूप भीती वाटतेय."

यांनी तिला जवळ ओढलं. मला वाटलं आता धीराचं काहीतरी बोलतील. पण हे म्हणाले, "मलाही."

मग मीही सांगून टाकलं, मी पण घाबरलेय. दिशा नाही, पत्ता नाही, पण घर म्हटलं की मी अजून त्याच खोलीत जाते.