आईनं मावशीला माफ केलं, त्यानंतर

गेल्या रविवारी दुपारी आमच्या घरात कडाक्याचं भांडण झालं... आई आणि मावशीचं. झालं बाई एकदाचं!

आधीचं थोडं सांगते. भूकंपात आमचं गाव भुईसपाट झालं, तेव्हा आई मला कडेवर घेऊन उदगीरला थोरल्या बहिणीकडं गेली. आठवडाही झाला नसेल, मावशीच्या सासरच्यांनी आम्हाला परत पाठवलं... आणि मावशी एक शब्द बोलली नाही. आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. आईनं उदगीरचं नाव टाकलं ते टाकलंच.

गेल्या वर्षी एका लग्नात मावशीनं आईचा हात धरला. "चुकलं माझं," म्हणाली. आई म्हणाली, "जाऊ दे." सगळे रडले, फोटो निघाले, फॅमिली ग्रुपवर बदाम काय, हात जोडलेले काय... सिनेमा असता तर तिथंच संपला असता.

पण यंदा मावशीच्या नातीची लातूरला नीटच्या क्लासला ॲडमिशन झाली. इथं पोरांच्या जेवणाची आबाळ नको म्हणून आई नाहीतर आजी सोबत येऊन राहते, तशी मावशी आली. आई माझ्याकडंच असते. ती म्हणाली, "घर असताना रूम कशाला?"

तेव्हापासून दोघी नुसत्या गोड. "तू घे आधी." "नको, तू घे." मावशी साखरेचा डबा उघडायलासुद्धा विचारायची. आणि आमची आई, जिला माझ्या हातचं काहीच आवडत नाही, ती मावशीचं कसलंही मुकाट गिळायची!

शेवटी मावशी मला हळूच म्हणाली, "दुसरीकडं रूम बघितली गं. तुझ्या आईला अवघडच होऊन राहिलंय." आईला सांगितलं तर म्हणाली, "तिची मर्जी." बहीण पुन्हा दुरावणार, हे तिला लागलं होतं... पण बोलेल तर शप्पथ!

तर रविवार. आमच्या गल्लीत दिवसभर "रूम आहे का?" विचारत लोक येतात. त्यांची कटकट नको म्हणून मावशीनं दाराला आतून कडी लावली. आई आडवी झाली होती... उठून बघते तर कडी!

आमच्या घरात कुणी झोपलं असताना कडी लावत नाहीत. दाराला फक्त खुर्ची लावतो. भूकंपाच्या वेळी माझी आजी, आईची सासू, आतून कडी लावून झोपली होती. भिंत खचली, दार दबलं, कडी निघालीच नाही... आजी आतच गेली. मावशीला रोज खुर्ची दिसायची, पण ती कशासाठी, हे माहीतच नव्हतं.

आई अशी ओरडली की नात पुस्तक टाकून पळत आली. "कडी कुणी लावली? तुला काय माहीत आमच्यावर काय गुदरलं! विचारलंस का कधी? लेकरू कडेवर असताना मला परत पाठवलंस... आणि म्हणे चुकलं! काय चुकलं ते तरी माहीत हाय का तुला?"

मला वाटलं, संपलं. आता मावशी आजच बॅग भरते.

पण मावशीही तडकली, "मग तवाच बोलायचं होतं की! जाऊ दे कशाला म्हणालीस? जीव मुठीत धरून राहते मी इथं!" आणि उठून तिनं कडी काढली, खुर्ची लावली, आईशेजारी फरशीवर बसली. "सांग आता. सगळं सांग."

आई सांगत बसली. आजीचं, ढिगाऱ्याचं, शेडमधल्या थंडीचं... यातलं अर्धं मलाही पहिल्यांदाच कळत होतं. "माझ्या सासरी माझं कोण ऐकत होतं?" असं मावशी एकदाही म्हणाली नाही. पदरानं डोळे पुसत नुसतं ऐकत राहिली. मी केलेला चहा गार झाला.

संध्याकाळी आईनं मावशीचा फोन घेतला आणि रूमवाल्याला सांगून टाकलं, "आमची अक्का येणार न्हाई. तिचं घर हाय इथं."

माफ तर आईनं लग्नातच केलं होतं, ते काही खोटं नव्हतं. पण तिच्यावर काय गुदरलं, हे तिला इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं... आम्हीसुद्धा नाही. मावशी, तू विचारलंस. तुझे आभार मानावे तेवढे कमीच गं.