हवा काढून बघा

माझ्या सासऱ्यांनी सव्वीस वर्षांत मला एकदाही नावाने हाक मारली नाही. 'जावईबापू' म्हणायचे. ऐकणाऱ्याला वाटायचं, काय आदर आहे! मला मात्र तो शब्द बोटावर पाना बसावा तसा लागायचा. डोंबिवलीच्या एका कारखान्यात ते टूलरूमचे फोरमन होते. निवृत्त होऊन किती वर्षं झाली तरी सगळी बिल्डिंग त्यांना फोरमनसाहेबच म्हणायची. मी विम्याच्या कचेरीत फायली सरकवणारा. आपल्या मुलीने, शुभदाने, हा असा नवरा का निवडला, याबद्दलचं त्यांचं मत पहिल्याच दिवशी तयार झालं होतं, आणि त्यावर त्यांनी कधी गंज चढू दिला नाही.

त्यांच्याकडे एक लाल, दोन सीटची, बिनछपराची विलायती स्पोर्ट्स कार होती. कारखान्याच्या मालकांनी भंगारात काढलेली. फोरमनसाहेबांनी रविवार घालवून घालवून ती उभी केली. इतकी बुटकी, की शेजारी रिक्षा थांबली तर रिक्षावाल्याकडे मान वर करून बघावं लागे. मला सिलिंडरचा रेग्युलेटर धड बसवता येत नाही, पण त्या गाडीवर माझा जीव होता. हे त्यांना ठाऊक होतं. तीच माझी अडचण.

ऐंशी ओलांडल्यावर ते एकदा म्हणाले, "माझ्याने आता होत नाही. दसऱ्यापर्यंत मुदत देतो, जावईबापू. हिच्या मूळच्या जॅकची खोबण गंजून गेलीय. वाटेत पंक्चर झाली तर उचलायला कुठला जॅक ठेवायचा, तो तुम्ही निवडायचा. जमलं तर गाडी तुमची. नाहीतर कल्याणचे एक गृहस्थ कधीपासून मागे लागलेत."

मी पहिल्यांदा चाकांवरचा हायड्रॉलिक जॅक नेला. चकचकीत, गॅरेजात असतो तसा. त्यांनी तो एका हाताने उचलून बघितला, डिकी उघडली, बंद केली. "हा शुभदाच्या सीटवर ठेवा. ती येईल मागून बसने."

दुसऱ्यांदा बाटलीसारखा उभा जॅक नेला. या वेळी टेपने मोजून. गाडीखाली सरकवून दाखवला, अगदी लीलया गेला. त्यांनी वाकून टायरची हवा सोडली. गाडी खाली बसली आणि माझा जॅक बाहेरच राहिला. "पंक्चर झालेली गाडी हवेवर उभी असते का, जावईबापू? हवा काढून बघा, मग मोजा." मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "माणूससुद्धा हवा काढूनच बघावा. मी घाई केली." टायर मात्र मलाच पायपंपाने भरायला लावला. बिल्डिंगमधले दोन आजोबा खुर्च्या घेऊन बघत बसले होते.

तिसऱ्यांदा कैचीसारखा मिटणारा जॅक नेला, हवा काढून मोजलेला. बराच वेळ त्यांनी त्यात खोट शोधली. "जॅक ठीक आहे. खाली काय घालणार?"

"खाली जमीन असतेच की, अप्पा."

"हं. ती बघू रस्त्यावर. दसऱ्याला कागद करू."

मी तरंगतच घरी आलो. दसऱ्याला ते स्वतः गाडी चालवत घोडबंदर रोडवर आमच्याकडे जेवायला आले. मी डिकीतून जॅक काढून वर आणला, हॉलमध्ये पाटावर ठेवला, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. चोवीस वर्षांत पहिल्यांदा एका हत्याराने मला साथ दिली होती! जेवण झालं. शुभदा म्हणाली, "अहो, अप्पांना एकटं सोडू नका, सोबत जा." मी ऐटीत शेजारी बसलो.

डोंबिवलीच्या वाटेवर, शीळफाट्याच्या अलीकडे मागचं चाक बसलं. गाडी कडेच्या भुसभुशीत मातीत टेकली. फोरमनसाहेब शांतपणे म्हणाले, "काढा जॅक."

मला हॉलमधला पाट दिसला.

"कुठे आहे?"

"पूजेत."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "छान. पुण्य लावा आता गाडीखाली."

एका ट्रकवाल्याने त्याचा जॅक देऊ केला. तो आमच्या गाडीपेक्षाही उंच होता. मी शुभदाला फोन केला. ट्रॅफिकमधून टॅक्सीने यायला तिला दीड तास लागला. तेवढ्या वेळात फोरमनसाहेब माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, पण तीन वेगवेगळ्या रिक्षावाल्यांना थांबवून "हे आमचे जावई" एवढीच ओळख करून दिली.

शुभदा उतरली तेव्हा हातात पाट, पाटावर जॅक, जॅकवर हार. "संध्याकाळपर्यंत पूजा हलवायची नसते, म्हणून तशीच उचलून आणली."

फोरमनसाहेब पहिल्यांदाच सरळ उभे राहिले. "पाट दे. उलटा घाला. पाय वर."

"अप्पा, उलटा पाट? सणाच्या दिवशी?"

"सरळ घातला तर उंच होतो, वर जॅक मावत नाही. आणि मधे मोडतो." मी उलटा घातला. त्याच्या दोन पायांच्या मधे जॅक बसला, मातीत रुतला नाही, आणि लाल गाडी झेंडूसकट वर आली. स्टेपनी मी लावली. नट उलटे फिरवत होतो हे त्यांनी दोनदा सांगितलं.

हात पुसत ते म्हणाले, "गाडी शुभदाच्या नावावर करतो. खाली काय घालायचं ते तिनं आणलं."

"आणि मी?"

"तुम्ही पाट मांडीवर घेऊन बसत जा."

दोन वर्षांनी ते गेले. शेवटच्या आठवड्यात भेटायला गेलो तर डोळे उघडून म्हणाले, "स्टेपनीत हवा बघितली?" मी म्हटलं, बघितली. बघितली नव्हती. त्यांना ते कळलं, आणि तेवढंच समाधान घेऊन त्यांनी डोळे मिटले. मीही त्यांना माफ वगैरे केलेलं नाही.

यंदा दसऱ्याला पूजा झाल्यावर मी खाली पार्किंगमध्ये गेलो. लाल गाडीच्या मागच्या चाकाची हवा काढली, आणि पूजेतला पाट तिच्याखाली मुद्दाम सरळ ठेवला. थोडा वेळ तसाच बसून राहिलो. कुणीच काही बोललं नाही. पार्किंग फार मोठं वाटलं.

तेवढ्यात मागून आवाज आला. शुभदा किल्ली घेऊन उभी होती.

"उलटा घाला, जावईबापू."