पापणी उलटून पाहणारे इवाई

आमचे इवाई, म्हणजे माझ्या मुलीचे सासरे, यांना माणसांची पारख अजिबात नाही. मला त्यांनी पसंत केलं, यावरूनच ते दिसतं. पण कालवडीच्या बाबतीत त्यांचा हात धरणारा माणूस बुलढाणा जिल्ह्यात घाटावर नाही आणि घाटाखालीही नाही, हे मी डोणगावच्या भर चौकात उभं राहून सांगायला तयार आहे. जन्मभर शाळेत मास्तरकी केली, हजारो पोरं तपासली. पण हा गृहस्थ एका कालवडीला जितका वेळ देतो तितका मी अख्ख्या वर्गाला दिला नसेन.

मुलीच्या लग्नात इवाईभेटीची वेळ झाली, हार घेऊन मी उभा, वाजंत्रीवाले उभे, आणि इवाईच गायब. शोधाशोध झाली तेव्हा ते मंगल कार्यालयामागच्या गोठ्यात सापडले. कुणा अनोळखी माणसाच्या कालवडीची पापणी उलटून आतला रंग पाहत होते. तसेच आले, त्याच हातांनी मला कडकडून भेटले आणि कानात म्हणाले, "मास्तर, रक्त कमी हाये तिच्यात. मालक कोन हाये, पत्ता लावा." लग्नाच्या सगळ्या फोटोंत मी नाक आक्रसून उभा आहे, त्याचं कारण हे.

त्यांची तपासणी बघावी. आधी वीस पावलांवर उकिडवे बसणार आणि नुसतं पाहणार. कालवड खाते कशी, रवंथ करते का, चारही पायांवर सारखा भार देते का. मग तिला चढावर चालवून आणायला लावणार आणि खोकते का ते ऐकणार. नाक ओलं हवं. बेंबीला फुगवटा नको. चारही सड बोटांनी चाचपणार, तोंडाजवळ नाक नेऊन श्वास हुंगणार. एका हेड्यानं, म्हणजे गुरांच्या दलालानं, कालवड तेल चोपडून चकचकीत केली होती. इवायांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तिची पाठ शांतपणे पुसून काढली, तो दुपट्टा त्याच्या हातात दिला आणि पुढे चालू लागले. शेवटची परीक्षा शेणाची. जनावरानं शेण टाकेपर्यंत ते हलत नाहीत, मग तास लागो की दोन तास. मी एकदा घाई केली तर म्हणाले, "मालक सांगन ते आइकाचं, पन शेन पाहाचं."

एक नेम मात्र त्यांनी कधी मोडला नव्हता. जनावराचा ऐब चारचौघांत बोलायचा नाही. नापसंत असेल तर पाठीवर थाप मारून म्हणायचं, "जनावर गुनाचं हाये, मले जागा नाही." काय खोट आहे ते मग चहाच्या टपरीमागे, फक्त घेणाऱ्याच्या कानात. "बाजारात बोललेला शब्द वापस येत नाही, मास्तर. एकानं नाक मुरडलं का सारेच मुरडतात," असं ते मला बजावत.

मी निवृत्त झालो, घरात दुभतं हवं असं बायकोनं ठरवलं आणि आम्ही दोघे इवाई गुरांच्या बाजारात गेलो. तिथे एक वयस्क बाई काळी-पांढरी कालवड धरून उभी होती. दुसऱ्या दिवशी ती लेकीकडे मलकापूरला कायमची राहायला चालली होती आणि लेकीची खोली दुसऱ्या मजल्यावर. "हेड्याले देनार नाही," ती म्हणाली. "कोनी पाळनारा असन त्यालेच देईन. पाजून वाढवली मी तिले." आणखी तीन-चार शेतकरी तिच्याभोवती बऱ्यापैकी आशेनं उभे होते.

इवायांनी पापणी उलटली, जबड्याखाली हात फिरवला, आणि तेच ठरलेलं वाक्य बोलले. तिथेच गप्प बसायचं. पण माझ्यातला मास्तर जागा झाला आणि मी खणखणीत आवाजात विचारलं, "जबड्याखाली ही सूज कसली हो? काही मोठा आजार तर नाही?"

तीन-चार शेतकरी होते ते निघून गेले. पाव तासात बाजारभर झालं, की त्या बाईची कालवड आजारी आहे. बाईनं कालवडीच्या जबड्याखाली हात धरला आणि सूज झाकून उभी राहिली. थोड्या वेळानं एक हेड्या तेवढा घुटमळू लागला.

इवाई मला एक शब्द रागावले नाहीत. ते वळले आणि जन्मात पहिल्यांदा भर बाजारात मोठ्यानं बोलले, "आइका हो, जंत हायेत तिच्या पोटात. पानथळीचं गवत खाल्लं असन. डॉक्टरचं औषध देल्लं का सुधरते. श्वास साफ हाये, चारी सड सारखे हायेत, अशी कालवड तुमाले भेटनार नाही." लोकांनी ऐकून घेतलं आणि हसले. जो माणूस कधी ऐब बोलत नाही तो आज बोलतो, म्हणजे स्वतःसाठी भाव पाडतोय, असा सरळ हिशेब त्यांनी केला. एक जण म्हणालाही, "काऊन बुवा, तुमीबी हेडेच झाले का?"

इवायांनी बाईनं मागितलेली किंमत घासाघीस न करता मोजली आणि कालवड माझ्या अंगणात आणून बांधली. डॉक्टरांनी जंतच सांगितले, औषध दिलं. दोन-तीन महिन्यांत तिची कातडी अशी तुकतुकीत झाली की बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून दाखवू लागली. पुढे ती व्यालीही. बायको दर रविवारी मलकापूरला व्हिडिओ कॉल लावून गाय त्या बाईला दाखवते.

पण बाजाराला हेच पुरलं. पाहा, किती गुणाची कालवड म्हाताऱ्यानं आजारी म्हणून लाटली, असं लोक म्हणू लागले. पूर्ण किंमत दिली हे बाई सोडून कुणाला पटत नाही, आणि बाई पडली मलकापुरात. तेव्हापासून इवायांना कालवड पाहायला कुणी नेत नाही. मी दोघा-तिघांना समजावून पाहिलं, तर ते मलाच हसले. चूक माझी, आणि भोगतात ते, याचं मला फार वाईट वाटतं. तसं बोललो तर ते म्हणतात, "जाऊ द्या मास्तर, जनावर तर वाचलं नं."

बाजाराच्या दिवशी मात्र त्यांना घरात बसवत नाही. सकाळीच धुतलेला दुपट्टा टाकून ते आमच्याकडे येतात आणि अंगणात वीस पावलांवर उकिडवे बसतात. मग उठून पापणी उलटतात, कास चाचपतात, श्वास हुंगतात. गाय ठणठणीत आहे हे आम्हा दोघांनाही ठाऊक असतं. तरी मी तिचं दावं धरून उभा राहतो, आणि त्यांचं पाहून होईपर्यंत एक शब्द बोलत नाही.